पन्नास खाटा, एक सिस्टर

19 एप्रिल 2021 च्या रात्री कळंबोलीहून एक मालगाडी निघाली. तिच्यावर सात रिकामे टँकर चढवलेले होते. विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्यातून द्रवरूप ऑक्सिजन भरून आणायचा होता आणि देशातली ही पहिली ‘ऑक्सिजन एक्स्प्रेस’ होती. घाटातल्या बोगद्यांतून उंच टँकर जाणार नाहीत म्हणून गाडी वसईकडून वळवली. सुरत-भुसावळ मार्गाने ती दुसऱ्या दिवशी खान्देशात शिरली आणि नंदुरबार, अमळनेर, जळगाव मागे टाकत नागपूरच्या दिशेने गेली. परतताना तीन टँकर नागपूरला उतरले. उरलेले चार 24 एप्रिलच्या सकाळी नाशिक रोडला पोचले.

त्या महिन्यात सगळ्या देशाचं लक्ष अशा गाड्यांवर होतं. किती टन आले, किती येणार, कुठे अडकले, याच्या बातम्या तासातासाला झळकत होत्या. कारखान्यातून निघालेला ऑक्सिजन शेकडो कोस पार करून रुग्णालयाच्या फाटकाशी येईपर्यंत मंत्री, सचिव, रेल्वे, पोलीस असे सगळे जागे होते. फाटकापासून रुग्णाच्या नाकापर्यंतचा शेवटचा टप्पा मात्र फार थोड्यांच्या नजरेत होता. टाकी, तिची झडप, भिंतीतली नळी, तिच्यावरचा फ्लोमीटर, पाण्याची बाटली आणि मास्क एवढीच ती वाट. त्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात काही माणसं याच वाटेवर दगावली, आणि ती वाट राखण्याचा एक साधा उपाय खान्देशच्या पश्चिम टोकाला, नंदुरबारला सापडला.

ऑक्सिजनची उपकरणं किरकोळ वाटतात. यंत्र म्हटलं की व्हेंटिलेटर किंवा एमआरआय डोळ्यांसमोर येतं, सिलिंडरवरची किल्ली येत नाही. पण ऑक्सिजन हे औषध आहे, आणि कमी पडला तसा जास्त झाला तरीही तो इजा करतो. याचा धडा जगाने फार महागात घेतला आहे. 1940 च्या दशकात अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी नवी, घट्ट बंद होणारी इनक्युबेटर आली. बाळाला जितका ऑक्सिजन तितकं चांगलं, असं समजून डॉक्टर आणि परिचारिका मनापासून नळ मोकळे सोडत राहिले. दहा-बारा वर्षांत जगभरात सुमारे 10,000 मुलांची दृष्टी गेली. मेलबर्नच्या बालरोगतज्ज्ञ केट कॅम्पबेल यांनी 1951 मध्ये अतिरिक्त ऑक्सिजनकडे बोट दाखवलं, आणि अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने 1954 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. यंत्रं बिघडली नव्हती आणि त्यांच्याजवळच्या माणसांनी हयगयही केली नव्हती. किती सोडायचा आणि कुणी मोजायचा, हेच ठरलेलं नव्हतं.

त्याच सुमारास भूलशास्त्रात उलट दिशेने विचार झाला. एका वायूचं सिलिंडर दुसऱ्याच्या जागी जोडलं जाऊन माणसं मरत होती. तेव्हा प्रत्येक वायूच्या जोडाला खिळ्यांची वेगळी मांडणी देण्यात आली. चुकीचं सिलिंडर तिथे बसतच नाही, मग हात कितीही थकलेला असो. माणूस चुकणारच हे धरून चालायचं आणि व्यवस्था तशी उभी करायची, हा त्यामागचा विचार. आपल्याकडच्या रुग्णालयांत तो उपकरणांबरोबर आला, पण कामाच्या रीतीत उतरला नाही.

मुंबईतल्या नायर रुग्णालयात 27 जानेवारी 2018 रोजी रुग्णाचा एक नातेवाईक ऑक्सिजन सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत शिरला. यंत्र बंद आहे, असं त्याला सांगण्यात आलं होतं. एमआरआयचं चुंबक तपासणी चालू नसतानाही जागंच असतं. क्षणात सिलिंडर आणि त्याला धरलेला माणूस दोघंही यंत्राकडे खेचले गेले आणि त्या तरुणाचा जीव गेला. तीनच वर्षांपूर्वी, नोव्हेंबर 2014 मध्ये, खारघरच्या कर्करोग संशोधन केंद्रात अशाच सिलिंडरने दोन कर्मचाऱ्यांना चार तास यंत्राशी जखडून ठेवलं होतं. पहिल्या अपघाताचा धडा खाडीपलीकडच्या दुसऱ्या रुग्णालयापर्यंत तीन वर्षांत पोचला नव्हता.

उपकरणांमुळे होणाऱ्या इजांची नोंद ठेवण्यासाठी देशात 6 जुलै 2015 पासून ‘मटेरिओव्हिजिलन्स’ नावाचा कार्यक्रम आहे. गाझियाबादहून तो चालतो. 1 एप्रिल 2020 पासून तर सगळीच वैद्यकीय उपकरणं कायद्याने औषधांच्या व्याख्येत आली. तारीख लक्षात घ्यावी. तेव्हा टाळेबंदीला आठवडा झाला होता आणि चार दिवसांपूर्वी, 28 मार्चला, जळगाव शहरात कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला होता.

जळगावची ती पहिली लाट भयंकर गेली. मे-जून 2020 मध्ये जिल्ह्याचा मृत्युदर देशातल्या सर्वाधिक दरांत गणला जात होता. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नवं होतं, माणसं अपुरी होती, भुसावळ, अमळनेर, पाचोऱ्याकडून रुग्ण येत होते. जूनच्या सुरुवातीला भुसावळच्या रेल्वे रुग्णालयातून सिव्हिलला हलवलेल्या 82 वर्षांच्या एक आजी खाटेवरून नाहीशा झाल्या. घरचे शोधत राहिले, पोलिसांत तक्रार झाली. 10 जूनला त्यांचा मृतदेह रुग्णालयाच्याच शौचालयात सापडला. अधिष्ठात्यांसह काही जणांचं निलंबन झालं.

या घटनेत यंत्राचा दोष नव्हता. पण खान्देशात ज्यांनी पुढे रुग्णालयं सांभाळली, त्यांना तिने एक गोष्ट दाखवून दिली: कोरोनाच्या वॉर्डात नातेवाईक नसतो. एरवी सरकारी दवाखान्यात रात्री मास्क सरकला तर नीट करणारी, सलाइन संपत आली की ‘सिस्टर, बाटली संपली’ म्हणून धावणारी, शौचालयापर्यंत हात धरून नेणारी व्यक्ती घरचीच असते. आपली आरोग्यव्यवस्था तिच्या जिवावर चालते आणि तिची कुठेही नोंद नसते. संसर्गाच्या भीतीने ही व्यक्ती बाहेर काढली गेली. तिची कामं कुणाकडेच सोपवलेली नव्हती.

आणि नेमका आजार असा, की रुग्ण शांत पडून असतो, बोलतो, फोनवर घरी ‘बरं आहे’ सांगतो आणि त्याच वेळी रक्तातला ऑक्सिजन उतरत असतो. ते कळतं बोटाला लावलेल्या छोट्या चिमट्यावर. 1974 मध्ये पल्स ऑक्सिमीटरचं तत्त्व शोधून काढणारे जपानी अभियंते ताकुओ आओयागी एप्रिल 2020 मध्ये वारले. त्यांचं नाव कधी न ऐकलेल्या घरांत, अगदी शिंदखेडा-शहाद्याच्या वस्त्यांतही, त्यांचा चिमटा पोचला. पण बोट गार असेल किंवा नखाला रंग असेल तर आकडा फसवतो. गडद त्वचेवर तो खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो, हे मिशिगनच्या डॉक्टरांनी डिसेंबर 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवलं. उन्हातान्हात राबणाऱ्या आपल्या भागासाठी ही बाब तळटीपेत टाकण्याजोगी नव्हती. एकदा घेतलेला आकडा पुरेसा नसतो. तो थोड्या थोड्या वेळाने पाहावा लागतो, रुग्णाच्या चेहऱ्याकडे आणि श्वासाकडे बघत पाहावा लागतो.

पहिली लाट ओसरली तेव्हा बहुतेक ठिकाणी सुटकेचा निःश्वास टाकला गेला. नंदुरबारने तयारी चालू ठेवली. 1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला हा सातपुड्यातला जिल्हा. लोकसंख्येत सुमारे सत्तर टक्के आदिवासी, आणि मोठं शहर किंवा मोठा कारखाना जवळ नाही. तिथले तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड साक्री तालुक्यातल्या सामोडे गावचे, भिल्ल समाजातून आलेले आणि मुंबईत केईएमला एमबीबीएस केलेले. पहिल्या लाटेत जिल्ह्यात दिवसाला जास्तीत जास्त 190 रुग्ण सापडले होते. त्यांनी अमेरिका आणि ब्राझीलमध्ये वाढत चाललेले आकडे पाहिले आणि हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारा पहिला प्रकल्प सप्टेंबर 2020 मध्ये उभा केला. प्रत्येक प्रकल्पाला सुमारे 85 लाख रुपये लागले. पैसा जिल्हा नियोजनातून, आपत्ती निधीतून आणि कंपन्यांच्या सामाजिक निधीतून जमवला. पुढच्या मार्चपर्यंत आणखी प्रकल्पांची भर पडली. दुसऱ्या लाटेत जिल्ह्यातली रोजची संख्या 1,200 वर गेली तेव्हा क्षमता मिनिटाला 2,400 लिटर झाली होती. टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्यांना आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी नंदुरबारचा कित्ता गिरवायला सांगितलं. या भागाची एवढीच कथा बहुतेकांना माहीत आहे. तिचा पुढचा भाग जास्त मोलाचा आहे.

मिनिटाला 2,400 लिटर म्हणजे किती रुग्ण? हिशेब करून पाहावा. पिशवीच्या मास्कने मिनिटाला 15 लिटर घेणारे रुग्ण असतील तर 160. नाकात जोराने हवा सोडणाऱ्या हाय फ्लो यंत्रावर, मिनिटाला 60 लिटरने, फक्त 40. ज्यांना नाकातली तीन लिटरची प्राँग पुरते असे मात्र 800. तोच प्रकल्प, तेवढीच वीज. आकडा 40 ते 800 मध्ये कुठेही पडू शकतो, आणि तो पडतो फ्लोमीटरची चकती फिरवणाऱ्या बोटांवर. सुमारे 7,000 लिटरचं एक जंबो सिलिंडर हाय फ्लोवर दोन तासही टिकत नाही.

दुसरा हिशेब याहून बोचरा आहे. रुग्ण जेवायला उठतो, शौचालयात जातो, फोनवर बोलतो तेव्हा मास्क काढून उशाशी ठेवतो. ऑक्सिजन वाहतच असतो. 15 लिटरवरच्या 50 रुग्णांनी दिवसातून मिळून एकेक तास मास्क बाजूला ठेवला, तर 45,000 लिटर हवेत जातात. ही सहा जंबो सिलिंडरांहून जास्त नासाडी झाली. त्या एप्रिलात एका सिलिंडरसाठी लोक रात्रभर रांगेत उभे होते. आणि हाच रुग्ण मास्काविना शौचालयापर्यंत गेला की त्याचं सॅच्युरेशन, म्हणजे चिमट्यावरचा आकडा, झपाट्याने खाली येतं. वाया जाणारा ऑक्सिजन आणि कोसळणारा रुग्ण, दोन्ही एकाच क्षणी घडतात.

नंदुरबारने यासाठी यंत्र आणलं नाही. दर 50 रुग्णांमागे एक ‘ऑक्सिजन नर्स’ नेमली. तिचं काम ठरवून दिलेलं होतं. फेरी मारायची, सॅच्युरेशन बघायचं, ते ठीक असेल तर प्रवाह एकेक लिटरने उतरवायचा, घसरलं तर डॉक्टरांना बोलवायचं, रुग्णाला पालथं झोपायला लावायचं, मास्क चेहऱ्याला घट्ट बसलाय का पाहायचं, तो काढून ठेवला असेल तर तेवढा वेळ नळ बंद करायचा. सॅच्युरेशन 98-99 वर नेण्याची गरज नाही, 92 ते 96 पुरे, हे वैद्यकीय मार्गदर्शन होतंच. ते कागदावरून खाटेपर्यंत नेणारी व्यक्ती आता ठरली होती. घरच्या माणसाची हरवलेली जागा कुणीतरी शिकलेल्या, पगारी, जबाबदार माणसाने घेतली, असंही म्हणता येईल. केंद्रीय आरोग्य विभागाने दिल्लीतून देशाला नंदुरबारचा हा दाखला दिला, आणि इतर जिल्ह्यांत त्याची नक्कल सुरू झाली.

हे का लागतं, ते त्याच आठवड्यात नाशिकला दिसलं. ऑक्सिजन एक्स्प्रेस विशाखापट्टणमच्या वाटेवर होती तो दिवस, 21 एप्रिल. महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयाच्या आवारात 13 किलोलिटरची द्रव ऑक्सिजनची टाकी काहीच दिवसांपूर्वी बसवली होती. दुपारी टाकीजवळचा जोड निकामी होऊन गळती सुरू झाली. द्रव ऑक्सिजन उणे 183 अंशांचा असतो. बाहेर पडताच त्याचा एक लिटर 860 लिटर वायू होतो आणि भोवतालच्या हवेतली वाफ गोठवतो. पाहता पाहता आवार पांढऱ्या धुक्याने भरलं. अग्निशमन दलाचे जवान त्या धुक्यात शिरून झडपेशी झुंजत होते. वर वॉर्डात नळ्यांतला दाब उतरत होता. आत सुमारे दीडशे रुग्ण होते आणि त्यांतले अनेक व्हेंटिलेटरवर. नातेवाईक सिलिंडरांसाठी धावत होते, कुणी छाती दाबत होतं, कुणी पाठीवर घेऊन दुसऱ्या दवाखान्याकडे निघालं होतं. पुरवठा पूर्ववत होईपर्यंत 22 जण गेले होते. पुढे मृतांची संख्या 24 झाली.

धुळे, जळगाव, नंदुरबार ज्या विभागात मोडतात त्याच नाशिक विभागाच्या आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. भद्रकाली पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला. राज्यभर टाक्यांची तपासणी आणि ऑक्सिजनचं ऑडिट सुरू झालं. टाकी नवी होती. गळती लागली तर पहिल्या मिनिटाला कुणी काय करायचं, मुख्य पुरवठा तुटला की कोणत्या मजल्यावर किती सिलिंडर तयार हवीत, हे प्रश्न मात्र टाकीबरोबर आलेल्या कागदांत सुटत नव्हते.

तीन आठवड्यांनी गोव्यात याच प्रश्नाचं दुसरं रूप समोर आलं. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात 11 मेच्या पहाटे दोन ते सहा या वेळात 26 रुग्ण दगावल्याचं आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं. ट्रॉलीवरची सिलिंडरं बदलताना नळीतला दाब पडत होता. राज्यात ऑक्सिजन आहे, तो रुग्णापर्यंत वेळेवर नेण्यात अडचण आहे, असं मुख्यमंत्री म्हणाले. पहाटेचे ते चार तास रुग्णालयात माणसं सर्वांत कमी आणि सर्वांत थकलेली असतात.

मेच्याच अखेरीस उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे वेगळा वाद उभा राहिला. याच खंडपीठाच्या कक्षेत जळगाव आणि धुळे येतात. केंद्राकडून औरंगाबादच्या शासकीय महाविद्यालयाला 150 व्हेंटिलेटर मिळाले होते. 37 खोक्यातून काढलेलेच नव्हते आणि वापरात आणलेले 113 सदोष असल्याचा अहवाल होता. यंत्रं चांगली आहेत, ती वापरणाऱ्यांना नीट प्रशिक्षण नाही, असा पवित्रा केंद्राच्या बाजूने घेतला गेला. डॉक्टर सांगत होते की यंत्र चालता चालता दाब सोडतं. न्यायमूर्ती रवींद्र घुगे आणि भालचंद्र देबडवार यांच्या खंडपीठाने या एकमेकांवर ढकलाढकलीबद्दल नाराजी व्यक्त केली आणि मोठी दुरुस्ती केलेली यंत्रं रुग्णांवर अजमावू द्यायला नकार दिला. वापरणाऱ्याची चूक म्हणणं किती सोपं असतं, आणि ते खोडून काढणं खाटेशेजारच्या माणसाला किती जड जातं, याचा हा जवळचा दाखला. यंत्राबरोबर शिकवणारा माणूस न पाठवता वापरणाऱ्याच्या अज्ञानावर बोट ठेवणं हा न्याय नव्हे.

शिक्षेच्या बाबतीत हेच दोनदा दिसलं. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागून 10 बाळं गेली. रेडियंट वॉर्मरच्या पॅनेलमध्ये ठिणगी पडल्याचं चौकशीत निघालं. वरिष्ठांवर कारवाई झाली, पण कंत्राटी परिचारिकांना नोकरी गमवावी लागली आणि पुढे दोन परिचारिकांवर गुन्हाही दाखल झाला. 6 नोव्हेंबर 2021 रोजी नगरच्या सिव्हिलच्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि 11 रुग्ण दगावले. तीन दिवसांत अटक झाली ती एका महिला वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना. राज्यभरच्या परिचारिका संघटनांनी निषेध केला तो रास्तच होता. वायरिंग कुणी तपासायची, धुराचा इशारा देणारी यंत्रणा कुणी बसवायची, रात्री एका सिस्टरकडे किती बाळं असावीत, या गोष्टी दोन्हीकडच्या या कर्मचाऱ्यांच्या हातात नव्हत्या. हयगय झाली असेल तर तिची शिक्षा व्हावी. पण जी चूक होणार हे आधीच दिसत होतं आणि जिच्यासाठी माणूस नेमला गेला नाही, तिची जबाबदारी नेमणूक करणाऱ्यांवर जाते.

त्या वर्षानंतर खान्देशातल्या रुग्णालयांत उपकरणं खूप आली. हवेतून ऑक्सिजन काढणारे प्रकल्प आले, टाक्या आल्या, भिंतीभिंतींतून नळ्या गेल्या. या प्रकल्पांतला वायू वेगळे करणारा झिओलाइट ओल धरतो, गाळण्या बदलाव्या लागतात, शुद्धता 93 टक्क्यांच्या आसपास आहे का हे मापकावर बघावं लागतं. ही कामं कधीतरी करायची नाहीत, रोजची आहेत. लाटेत नेमलेली ऑक्सिजन नर्स ही तात्पुरती सोय होती. ती सरकारी रुग्णालयांच्या आकृतिबंधात कायमचं पद म्हणून यायला हवी, तिला पाळीप्रमाणे बदली हवी, आणि टाकी किंवा व्हेंटिलेटर खरेदीच्या प्रत्येक करारात वापरणाऱ्यांच्या प्रशिक्षणाचे दिवस लिहिलेले हवेत. जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या लोकप्रतिनिधींनी जिल्हा नियोजनाच्या बैठकीत नव्या यंत्राची मागणी करताना त्याच कागदावर ते सांभाळणाऱ्या माणसाची मागणी करावी. आणि ज्याच्या घरचं कुणी ऑक्सिजनवर असेल, त्याने न संकोचता तीन गोष्टी विचाराव्यात: किती लिटरवर ठेवलंय, सॅच्युरेशन शेवटचं कधी पाहिलं, आणि आज रात्री ते कोण पाहणार आहे.